दोन महिन्यांच्या बर्फावर घडलेला संघ : भारतीय महिला आइस हॉकीची वाटचाल

संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन हे वाळवंटातले शहर. 2025 च्या जून महिन्याच्या आरंभी, बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, तेथील एका बंदिस्त रिंकवर महिलांची आशियाई आइस हॉकी स्पर्धा पार पडली आणि भारताच्या मुलींनी तीत कांस्यपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धेत भारतीय महिला संघाला मिळालेले हे पहिलेच पदक. या संघातील बहुतांश खेळाडू लडाखच्या, काही हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातल्या. ज्यांच्या गावी वर्षातील जेमतेम दोन महिने खेळण्याजोगा बर्फ असतो, त्यांनी हे पदक मिळवले ते अशा ठिकाणी, जिथे निसर्गतः बर्फ कधी पडतच नाही. या विसंगतीतच भारतीय आइस हॉकीची सगळी कहाणी सामावलेली आहे आणि ती समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

गोव्यात हॉकी म्हटले की म्हापशातील पेडेचे मैदान आठवते. जुन्या पिढीला 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे गोलरक्षक लिओ पिंटो आठवतात. बर्फावरची हॉकी मात्र आपल्यापासून फार दूरची. दूरदर्शन संचावर वाहिन्या बदलताना कधीतरी शिरस्त्राणे घातलेले, एकमेकांवर आदळणारे खेळाडू दिसतात आणि चेंडू नेमका कुठे आहे हे कळण्याआधीच गोल झालेला असतो. म्हणून प्रथम खेळाची ओळख करून घेऊ.

आइस हॉकीत चेंडू नसतो. त्याऐवजी कठीण रबराची एक चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यास, अडीच सेंटिमीटर जाडी आणि 156 ते 170 ग्रॅम वजन असा तिचा जामानिमा. चपटी असल्यामुळे ती उसळत नाही, सरपटत जाते. सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात, कारण ऊबदार रबर उड्या मारते. एका वेळी प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात आणि खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत चालतो. मात्र या सहा जणांपैकी गोलरक्षक सोडला तर कोणीही सलग फार काळ खेळत नाही. पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर पूर्ण ताकदीने धावायचे आणि खेळ न थांबवता बाकावरच्या सहकाऱ्याला जागा द्यायची, अशी ही पद्धत. त्यामुळे आंतरराष्ट्रीय संघात वीस-बावीस खेळाडू लागतात. चार-सहा चांगल्या खेळाडूंच्या जोरावर इथे सामना जिंकता येत नाही. लहान वस्तीतून संघ उभारणाऱ्यांना ही अट फार जाचक ठरते.

मैदानाला भिंत असते, हा दुसरा मोठा फरक. साधारण साठ मीटर लांब आणि सव्वीस ते तीस मीटर रुंद अशा रिंकभोवती कमरेएवढ्या उंचीचे फळ्यांचे कुंपण असते व त्यावर पारदर्शक तावदाने. पक या भिंतीवर आपटून परत येते आणि कॅरमच्या सोंगटीप्रमाणे तिचा कोन आधी हेरून खेळावे लागते. लडाखच्या मुलींच्या गोष्टीत ही भिंत पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पायातले पोलादी पाते. बर्फ निसरडा का असतो, याचे शालेय उत्तर असे दिले जाई की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो. ते उत्तर अपुरे आहे. गोठणबिंदूच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात. त्यांचा एक अतिशय पातळ, अर्धवट द्रवासारखा थर तेथे असतोच. पात्याच्या घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. शिवाय हॉकीच्या पात्याचा तळ सपाट नसून मधोमध किंचित खोलगट घासलेला असतो, त्यामुळे त्याला दोन धारा मिळतात. पाते आडवे केले की या धारा बर्फात रुततात आणि वेगात असलेला खेळाडू बर्फाचा चुरा उडवीत जागच्या जागी थांबतो. चाकांच्या स्केटवर शिकलेल्यांना बर्फावर आल्यावर सर्वांत अवघड वाटते ते हेच थांबणे.

येथे एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पोलाद मँगनीजशिवाय तयार होत नाही आणि मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या गोंदियाला लागून असलेल्या पट्ट्यात, भरवेली येथे देशातील एक मोठी भूमिगत मँगनीज खाण आहे. नागपूरला मुख्यालय असलेली मॉइल ही सार्वजनिक कंपनी ती चालवते. आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत तिची गणना होते. मराठी, हिंदी आणि पोवारी कानी पडणाऱ्या त्या उष्ण मुलखात बर्फावरची हॉकी कोणी खेळलेली नाही. पण पायातले पाते ज्या धातूने टणक होते, तो धातू तिथल्या कामगारांच्या हातून वर येतो. मुक्तिपूर्व काळापासून आपल्या सांगे-केपे भागातूनही मँगनीजचे खनिज परदेशी गेलेच होते. बर्फाचा खेळ फक्त बर्फाच्या देशांचा असतो, हे म्हणूनच पूर्ण खरे नाही.

खेळाचा जन्म मात्र निःसंशय थंड देशातला. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात 3 मार्च 1875 रोजी बंदिस्त रिंकवर झालेला सामना हा आधुनिक आइस हॉकीचा आरंभ मानला जातो. 1908 मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली ती थेट 1998 साली, जपानच्या नागानो येथे. म्हणजे खेळाच्या माहेरघरांतही महिलांना बरोबरीचे स्थान मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. भारतीय मुलींच्या वाट्याला जे आले त्याचे मोजमाप करताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

भारतात बर्फावरचा खेळ आला तो इंग्रजांबरोबर, सिमल्यात. ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थांनी टेनिस कोर्टवर सांडलेले पाणी रात्रीतून गोठलेले पाहिले आणि 1920 साली तिथे नैसर्गिक बर्फाचे रिंक सुरू केले, असे सांगितले जाते. आजही हे रिंक हयात आहे. सिमल्यातील स्केटिंग ही प्रामुख्याने उन्हाळी राजधानीच्या उच्चभ्रूंची करमणूक होती. तिथे हॉकी खेळली गेली तरी खेळाला समाजाची मुळे लाभली नाहीत. ती लाभली लडाखमध्ये, आणि अगदी वेगळ्या कारणाने.

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये हिवाळ्यात शेती थांबते, पर्यटक परततात, रस्ते बंद होतात. त्या रिकाम्या महिन्यांत करायचे काय, हा गावागावाचा प्रश्न. सीमेवर तैनात असलेल्या लष्कराच्या तुकड्यांनी, विशेषतः लडाख स्काउट्सच्या जवानांनी, गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळायला सुरुवात केली आणि शहरातल्या मुलांनी ती पाहून उचलली. साधने कुठली? लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या ठोकून स्केट बनवले गेले. मैदानी हॉकीच्या काठ्या चालवून घेतल्या. टायरचे किंवा बुटाच्या टाचेचे रबर कापून पक तयार झाली. गोलरक्षकाने क्रिकेटचे पॅड बांधले. लेहमधील कर्झू हे तळे या खेळाचे पहिले खरे मैदान. हिवाळ्यात त्याच्या काठावर गावकऱ्यांची जी गर्दी लोटते, ती पाहिली की आपल्याकडील जत्रेतल्या फुटबॉल सामन्यांची आठवण यावी.

नैसर्गिक बर्फाचे रिंक तयार करणे हेही एक कसबच आहे. तळे गोठले की झाले, असे नसते. माणसाचा भार पेलायलाच सुमारे दहा सेंटिमीटर जाडीचा बर्फ लागतो. सपाट जागेवर रिंक करायचे असेल तर कडेने मातीचा बांध घालतात आणि रात्री, तापमान शून्याच्या बरेच खाली गेल्यावर, पाण्याचा पातळ थर सोडतात. तो गोठला की पुढचा थर. एकदम भरपूर पाणी सोडले तर वरचा पापुद्रा गोठतो, खाली पोकळी राहते आणि पाय आत जातो. दिवसभराच्या खेळाने बर्फावर खाचा पडतात. त्या झाडून, खरवडून पुन्हा रात्री पाणी द्यायचे. परदेशातील रिंकवर हे काम यंत्र करते. फ्रँक झँबोनी यांनी 1949 मध्ये कॅलिफोर्नियात तयार केलेल्या या यंत्राला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. लडाखच्या गावांत ते काम फावडी, झाडू आणि खेळाडूंचे हात करतात. त्यात तिथले ऊन फार प्रखर. हवा गोठवणारी असली तरी उन्हाने दुपारी बर्फाचा वरचा थर मऊ पडतो. त्यामुळे खेळण्यायोग्य तास उरतात ते सकाळचे आणि संध्याकाळचे. हंगाम दोन महिन्यांचा आणि त्यातही दिवसाचे मोजकेच तास.

हे तास कुणाला मिळायचे, या प्रश्नापाशी महिलांच्या संघाचा इतिहास सुरू होतो.

मुलींनी बर्फावर उतरण्यास लडाखमध्ये कुणी उघड बंदी घातली नव्हती. पण रिंक एक, तास थोडे आणि पुरुषांचे संघ अनेक. मुलांचा सराव संपला, अंधार पडू लागला किंवा बर्फ मऊ झाला की मुलींची पाळी. स्केट भावाचे, काठी उसनी आणि शिरस्त्राण दोघी-तिघींत मिळून एक. मापाचे नसलेले स्केट म्हणजे किरकोळ गैरसोय नसते. घोट्याला आधार नसेल तर पाते आडवे करताच पाय मुरगळतो. परदेशातून दान आलेल्या जुन्या साहित्यात पुरुषांच्या मापाचेच बूट अधिक, म्हणून मुलींनी दोन-दोन लोकरी मोजे चढवून ते घातले. बर्फाच्या मालकीचा हा न बोललेला नियम मोडण्यासाठी लेहमधील खेळाडूंनी पुढे स्वतःची संघटना बांधली. लडाख विमेन आइस हॉकी फाउंडेशन या नावाने ती ओळखली जाते. मुलींसाठी वेगळ्या वेळा, गावोगावी लहान मुलींची शिबिरे आणि मुलींच्याच स्पर्धा, हा तिचा कार्यक्रम. माझ्या मते पुढच्या पदकाचा पाया कुठल्याही परदेश दौऱ्यापेक्षा या शिबिरांनी अधिक घातला.

कागदोपत्री भारत फार पूर्वीच या खेळाच्या नकाशावर आला होता. आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडियाच्या रूपाने 1989 मध्येच देश आंतरराष्ट्रीय महासंघाचा सभासद झाला. प्रत्यक्ष पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळायला पुरुष संघाला आणखी वीस वर्षे लागली. 2009 मध्ये अबू धाबी येथील आशियाई चषकात तो उतरला आणि मोठ्या फरकाने हरला. त्या सुमारास ॲडम शर्लिप हे अमेरिकी प्रशिक्षक लडाखशी जोडले गेले. त्यांच्या हॉकी फाउंडेशनने साहित्य जमवून आणणे आणि मुलांना शिकवणे ही कामे वर्षानुवर्षे केली. महिलांना आंतरराष्ट्रीय संधी मिळाली ती आणखी सात वर्षांनी.

2016 च्या मार्चमध्ये तैपेई येथे महिलांचा आशियाई चषक होता. संघ निवडला गेला, पण पैसा नव्हता. सरकारी क्रीडा अनुदानात या खेळाचे स्थान नगण्य, प्रायोजक नाहीत, विमानप्रवास, निवास, साहित्य आणि सरावाचा खर्च मात्र ठरलेला. संघटनेने लोकांपुढे हात पसरले. लोकवर्गणीतून भारताचा राष्ट्रीय संघ परदेशी जातो, ही बातमी अनेकांना हृद्य वाटली. तशी ती आहेही. पण देशाचे नाव छातीवर लावणाऱ्या खेळाडूंना तिकिटासाठी अनोळखी माणसांच्या दातृत्वावर अवलंबून राहावे लागणे, यात कौतुकाइतकेच शरमेचेही कारण होते.

सरावासाठी जागा मिळाली ती गुरुग्राममधील एका मॉलच्या रिंकवर. ते रिंक हौशी फेरफटका मारणाऱ्या ग्राहकांसाठी बांधलेले, आंतरराष्ट्रीय मापाच्या मानाने बरेच लहान. तेथून तैपेईला पोचल्यावर बहुतेक मुलींनी पूर्ण मापाचे, छताखालचे, कृत्रिम बर्फाचे रिंक पहिल्यांदाच पाहिले. इथे ती भिंत आडवी आली. लडाखच्या रिंकला बुटकी कड असते, काही ठिकाणी तीही नसते. पक बाहेर गेली की बर्फातून शोधून आणायची. तैपेईत पक भिंतीवर आपटून परत येत होती आणि प्रतिस्पर्धी ती कुठे येणार हे जाणून आधीच तिथे उभे होते. कृत्रिम बर्फ अधिक सपाट आणि जलद. अंगाने धडक देण्याचे आणि ऑफसाइडचे नियमही इथे काटेकोर. भारताने सगळे सामने गमावले. नूर जहाँ या गोलरक्षक खेळाडूवर त्या दिवसांत फटक्यांचा किती वर्षाव झाला असेल, याची कल्पनाच करावी. नूर जहाँ यांची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे. पेशाने त्या कलावस्तूंच्या संवर्धक असून लडाखमधील जुनी भित्तिचित्रे आणि थांका वाचवण्याचे काम त्या करतात. हौशी संघ म्हणजे काय, हे एवढ्या एका उदाहरणावरून कळावे.

पुढच्याच वर्षी, 2017 च्या मार्चमध्ये, बँकॉक येथे चित्र बदलले. भारताने फिलिपिन्सला 4–3 असे हरवले. महिला संघाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. सामना संपल्यावर मैदानात राष्ट्रगीत वाजले तेव्हा खेळाडूंना रडू आवरले नाही. त्याच स्पर्धेत त्यांनी मलेशियालाही नमवले. एका वर्षात काय बदलले होते? बर्फ काही वाढला नव्हता. हरलेल्या सामन्यांतून त्यांना भिंतीचा खेळ समजला होता आणि सराव अधिक नेमका झाला होता. शिवाय उंचीवर वाढलेल्या शरीराचा थोडा लाभही होता. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. कमी प्राणवायूत राहणाऱ्यांच्या रक्तात तो वाहून नेणाऱ्या घटकाचे प्रमाण वाढते आणि असा खेळाडू खाली उतरला की काही दिवस त्याचा दम अधिक टिकतो. तिसऱ्या सत्रात इतर संघ थकत असताना लडाखच्या मुली धावत राहतात, हे प्रतिस्पर्ध्यांच्याही लक्षात आले असणार.

या विजयाची वार्ता कॅनडापर्यंत पोचली. चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या हेली विकेनहायझर 2018 च्या जानेवारीत साहित्याची खोकी घेऊन लडाखला आल्या. सोबत व्यावसायिक लीगमधील माजी खेळाडू अँड्र्यू फेरेन्स होते. तळ्यावरच्या बर्फावर त्यांनी मुलींसमवेत सराव केला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय मुली कॅल्गरीत विकेनहायझर यांनी भरवलेल्या महिला हॉकी महोत्सवात खेळून आल्या. महिला आइस हॉकीतील श्रेष्ठ खेळाडूंत जिची गणना होते, तिच्यासोबत उसन्या स्केटवर शिकलेल्या मुलींनी खेळावे, असे प्रसंग या खेळातच अधिक घडतात. फुटबॉल किंवा क्रिकेटमध्ये ते अंतर आता फार वाढले आहे.

त्यानंतरचा काळ हा प्रसिद्धीच्या मानाने मंद, पण महत्त्वाचा. 2019 च्या ऑक्टोबरअखेर लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. 2020 पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या आणि लेहमध्ये आइस हॉकीला राष्ट्रीय व्यासपीठ मिळाले. 2024 च्या जानेवारीत लेहच्या एनडीएस क्रीडासंकुलात मोटारसायकल बनवणाऱ्या रॉयल एनफिल्ड कंपनीच्या पाठबळाने लीग सुरू झाली. स्पर्धा वाढल्याने मुलींना वर्षाकाठी मिळणारे सामने वाढले. हौशी खेळात सामन्यांसारखा गुरू नाही. याच स्पर्धांत महाराष्ट्राच्या मुलामुलींनी बर्फावरील वेगवान स्केटिंगमध्ये पदके मिळवली आहेत. ही मुले शिकलेली डांबरी आणि सिमेंटच्या ट्रॅकवर, चाकांच्या स्केटवर. चाकांवरचा तोल आणि मांड्यांचे बळ बर्फावर उपयोगी पडते. कमी पडते ते धार रुतवून थांबणे आणि वळणे, आणि ते काही आठवड्यांच्या सरावाने येते. लडाखचे खेळाडूही उन्हाळ्यात रस्त्यावर चाकांचे स्केट घालून हाच उलटा प्रवास करतात.

मोठा बदल नोकऱ्यांमुळे झाला. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाने महिलांचा आइस हॉकी संघ उभारला. पुरुषांत लष्कर आणि लडाख स्काउट्स यांचे संघ पूर्वीपासून होतेच. आपल्या देशात मैदानी हॉकी जगवली ती रेल्वे, लष्कर, पोलीस, बँका आणि खाणी-कारखान्यांच्या संघांनी. बर्फावरच्या हॉकीतही तेच घडते आहे. मुलगी खेळते याने घरच्यांना वाटणारी काळजी, खेळामुळे सरकारी नोकरी मिळते हे दिसल्यावर बरीचशी ओसरते. अर्थात यातून एक पेच निर्माण होतो. दलाच्या खेळाडूंना पगार, साहित्य आणि सरावाची वेळ मिळते, गावातल्या विद्यार्थिनींना यातले काहीच नाही. राष्ट्रीय स्पर्धेत हे दोन्ही संघ समोरासमोर येतात तेव्हा हौशी या शब्दाचे दोन निरनिराळे अर्थ बर्फावर उभे असतात.

त्सेवांग चुस्कित यांच्या नेतृत्वाखालील संघाने अल ऐनला कांस्य मिळवले ते या साऱ्या पार्श्वभूमीवर. सुवर्णपदक गेले फिलिपिन्सकडे. 2017 मध्ये भारताने ज्यांना 4–3 असे हरवले होते, त्यांच्याकडेच. हा तपशील पदकाच्या आनंदात झाकला गेला, पण त्यावर थांबायला हवे. फिलिपिन्समध्ये बर्फ पडत नाही. तिथे आहेत ती मॉलमधील कृत्रिम रिंके, वर्षाचे बारा महिने चालणारी. शिवाय परदेशी वाढलेल्या फिलिपिनो मुलीही त्या संघात खेळतात. नैसर्गिक बर्फ असलेला देश आणि नसलेला देश यांच्या शर्यतीत नसलेला पुढे गेला, कारण त्याच्याजवळ वर्षभराचे रिंक होते.

मग भारतात तसे रिंक का नाही? उत्तर खर्चात आहे. पूर्ण मापाच्या रिंकवर तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर सुमारे 54 हजार लिटर पाणी लागते; उन्हाळ्यात गावोगावी फिरणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरांच्या हिशेबात साडेपाच टँकर. पाणी ही अडचण नव्हे. काँक्रीटच्या तळाखाली नळ्यांचे जाळे असते आणि त्यातून शून्याखाली थंड केलेले मिठाचे पाणी किंवा ग्लायकॉलचे द्रावण सतत फिरत राहते. हॉकीसाठी बर्फाचा पृष्ठभाग उणे पाच अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. तत्त्व घरच्या शीतकपाटाचेच. फक्त या कपाटाचे एक दार सदैव उघडे असते. यंत्रणा दिवसरात्र चालते, हवेतील दमटपणाही काढावा लागतो, नाहीतर रिंकवर धुके धरते. बंद केली तर बर्फ जातो, पुन्हा जमवायला दिवस लागतात. म्हणजे रिंक उभारणे सोपे, चालवणे महाग.

डेहराडूनचे उदाहरण बोलके आहे. 2011 च्या जानेवारीत झालेल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तेथे बंदिस्त रिंक बांधण्यात आले. 2012 मध्ये पुरुषांचा आशियाई चषकही तिथे झाला. त्यानंतर विजेचे देयक आणि देखभालीचा भार कुणी उचलायचा, या प्रश्नात ते वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. ज्या काळात महिला संघ मॉलमध्ये सराव करीत होता आणि लोकवर्गणी गोळा करीत होता, त्याच काळात देशातील पूर्ण मापाचे रिंक कुलूपबंद होते. 2025 मध्ये दुरुस्ती होऊन ते पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी तिथे आंतरराष्ट्रीय स्केटिंग स्पर्धाही झाली.

ही उशिरा आलेली जाग आणखी एका कारणाने निकडीची आहे. लडाखचा हिवाळा बदलतो आहे. बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो, हे तिथले जुने खेळाडू सांगतात. सिमल्याच्या शतकभराच्या रिंकवर स्केटिंगचे दिवस कमी होत चालले आहेत. हिमनद्या मागे हटत असल्याने वसंतात पाणी मिळावे म्हणून सोनम वांगचुक यांनी बर्फाचे कृत्रिम स्तूप उभारण्याचा प्रयोग केला, तो याच प्रदेशात. शेतकऱ्याला जो प्रश्न एप्रिलमध्ये पडतो, तो हॉकीपटूला डिसेंबरमध्ये पडतो. हंगाम दोन महिन्यांचा सहा आठवड्यांवर आला, तर पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहील की उरलेले तास कुणाचे.

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत भारत अद्याप खेळलेला नाही. त्या स्तरावर जाण्यासाठी वर्षभर चालणारे रिंक, नियमित देशांतर्गत लीग आणि कनिष्ठ गटांचे संघ यांची गरज आहे. लीग सुरू झाली आहे. कनिष्ठ गटाची भरती लडाख आणि स्पितीच्या गावांतील शिबिरांतून होते आहे. सहा-सात वर्षांच्या मुली खुर्चीचा आधार घेऊन बर्फावर पाय रोवायला शिकतात, आणि त्यांच्या मापाचे स्केट आता पूर्वीपेक्षा अधिक मिळू लागले आहेत. उरतो तो रिंकचा प्रश्न. डेहराडूनच्या बर्फावर महिला संघाला वर्षातले किती आठवडे मिळतात, आणि ते तास ठरवताना त्यांचा क्रम कितवा लागतो, यावर पुढच्या आशियाई स्पर्धेतील त्यांची जागा बरीचशी ठरेल.